शेतकरी ते खासदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ खासदार जातात. त्यातल्या पुष्कळांच्या नावावर सातबारा असतो. पण शेतीच्या प्रश्नावर लढून, त्याच बळावर दिल्ली गाठलेले थोडे. त्या वाटेला लागलेल्या कार्यकर्त्यांसाठी हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. रास्ता रोको कसा करावा हे त्यांना कुणी शिकवायला नको. घोडं अडतं ते अर्जाच्या रकान्यात, खर्चाच्या वहीत, आणि निवडून आल्यावर कोणत्या मंत्रालयाचं दार वाजवायचं इथे. म्हणून भरही तिथेच दिला आहे.

खासदार व्हायला शेतकरी असल्याचा दाखला किंवा शिक्षण लागतं का?

दोन्ही लागत नाही. भारताचं नागरिकत्व, छाननीच्या दिवशी लोकसभेसाठी २५ आणि राज्यसभेसाठी ३० वर्षं पूर्ण, आणि देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढं पुरतं. दोन अपत्यांची अट (१२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं तिसरं मूल) ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत आहे, लोकसभेला नाही. गावात सदस्यपदाला अपात्र ठरलेला माणूस खासदारकीला उभा राहू शकतो. सोसायटीचं कर्ज थकलं तर संचालकपद जातं, पण लोकसभेची उमेदवारी जात नाही. कोर्टाने दिवाळखोर ठरवलं असेल तर मात्र जाते.

साखर कारखान्याचा चेअरमन किंवा बाजार समितीचा सभापती असताना लढता येतं का?

कारखाना सहकारी असेल तर येतं. सरकारचं २५ टक्के किंवा जास्त भागभांडवल असलेल्या कंपनीचा व्यवस्थापक किंवा सचिव अपात्र ठरतो, पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १० मधून सहकारी संस्था स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. निवडून आलेलं सभापतीपदही आड येत नाही.

धोका असतो तो सरकारने नेमलेल्या पदात. महामंडळ, मंडळ, समितीवरची नियुक्ती 'लाभाचं पद' ठरू शकते. "मी मानधन घेतलंच नाही" हा बचाव चालत नाही. मानधन घेता येण्यासारखं होतं एवढं पुरेसं धरलं जातं, हे २००६ च्या जया बच्चन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. असं पद असेल तर अर्ज भरण्याआधी राजीनामा द्या आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात घ्या. नुसत्या राजीनाम्याची पोच पुरत नाही. तसंच केंद्र सरकारला माल पुरवण्याचा किंवा त्याचं काम करण्याचा ठेका चालू असेल तर अडचण येते. काम पूर्ण करून फक्त बिल यायचं बाकी असेल तर येत नाही.

सुरुवात कुठून करावी? थेट लोकसभा लढली तर?

लढता येते. पण एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ आणि साधारण दोन हजार मतदान केंद्रं असतात. प्रत्येक केंद्रावर सकाळी सातच्या आधी हजर राहून अभिरूप मतदान (यंत्राची चाचणी) बघणारा, सही करणारा आणि शेवटपर्यंत न हलणारा माणूस लागतो. सभेला वीस हजार लोक जमले म्हणजे दोन हजार मतदान प्रतिनिधी मिळाले असं होत नाही. ती माणसं मधल्या संस्थांमध्ये घडतात.

विविध कार्यकारी सोसायटीवर साधारण १३ संचालक असतात: आठ सर्वसाधारण कर्जदार गटातून, दोन महिला, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, भटक्या-विमुक्त गटातून एकेक. बाजार समितीवर १८: सोसायटी गटाचे ११, ग्रामपंचायत गटाचे चार, व्यापारी-अडते दोन, हमाल-मापारी एक. समितीच्या या पंधरा जागांचे मतदार म्हणजे सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य. म्हणून तालुक्यातल्या ज्याच्याकडे सोसायट्या, त्याच्याकडे बाजार समिती. आणि हीच माणसं पुढे केंद्रावर बसतात. पीककर्जाची पुनर्रचना, अडतीची कपात, काट्यातली मारामारी यांचा कागद कसा चालतो हेही तिथेच कळतं.

राजू शेट्टींचा प्रवास या दृष्टीने बघण्यासारखा आहे. २००२ ला कोल्हापूर जिल्हा परिषद, २००४ ला शिरोळची आमदारकी, २००९ ला हातकणंगलेची खासदारकी. सात वर्षांत तीन पायऱ्या, आणि प्रत्येक वेळी मागे उसाचं आंदोलन. यापेक्षा वेगळ्या वाटाही आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील प्रतिसरकारच्या लढ्यातून आले आणि १९५७ ला उत्तर साताऱ्यातून, १९६७ ला बीडमधून लोकसभेत गेले. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख बॅरिस्टर झाले, शिक्षणसंस्था उभी केली, अमरावतीतून निवडून गेले आणि १९५२ पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री राहिले. शरद जोशी तर संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले. शेतकरी संघटना १९७९ ची. ते संसदेत गेले २००४ मध्ये, राज्यसभेवर.

एकाच पिकाच्या आंदोलनावर जागा निघते का?

विधानसभेची निघू शकते, लोकसभेला ते तोकडं पडतं. हातकणंगलेच घ्या: शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ, इस्लामपूर, शिराळा. शिरोळला ऊस म्हणजे जीव की प्राण. शाहूवाडीचा बराच भाग डोंगरी, भाताचा. इचलकरंजी यंत्रमागाची, तिथल्या मतदाराला उसाच्या दरापेक्षा सुताचा भाव, वीजदर आणि नळाचं पाणी जवळचं. उसाचा दर मिळवून दिला म्हणून मागवाला मत देईल ही अपेक्षा चुकीची आहे. त्याच्या प्रश्नाचाही तेवढाच अभ्यास हवा.

पिकाचा राग मतपेटीत उतरतो, हे खरं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात पूर्ण निर्यातबंदी, आणि मे २०२४ ला बंदी उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि शुल्क कायम ठेवून. त्या निवडणुकीत दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. पण असा राग एका निवडणुकीपुरता असतो. त्यावर दुसरी जिंकण्याचा हिशोब बांधू नये.

पक्षाकडून लढावं की अपक्ष?

कायद्यातला फरक आधी बघा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मतदारसंघातला एक सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारा मतदार) पुरतो. अपक्षाला आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. शेतकरी संघटनांचे बहुतेक पक्ष याच दुसऱ्या गटात. दहातल्या एका सूचकाचा यादीतला भाग किंवा अनुक्रमांक चुकला, किंवा तो मतदारसंघाबाहेरचा निघाला, की अर्ज छाननीत जातो. म्हणून वेगवेगळ्या सूचकांसह दोन-तीन संच भरा. चार संचांपर्यंत मुभा आहे आणि डिपॉझिट एकदाच भरायचं असतं.

चिन्हाचा प्रश्न त्याहून बिकट. अपक्षाला मुक्त चिन्हांमधली तीन पसंतीक्रमाने लिहावी लागतात आणि मिळालेलं चिन्ह घरोघर पोचवायला दोन-अडीच आठवडेच हातात असतात. २०२४ ला दिंडोरीत मोठ्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' होतं आणि तिथल्याच एका अपक्षाला 'तुतारी' मिळाली. त्या अपक्षाने लाखाच्या वर मतं घेतली. मुक्त चिन्हांची यादी निघाली की आपल्या चिन्हासारखं दुसरं त्यात आहे का हे आधी तपासा आणि असेल तर आयोगाकडे लेखी हरकत घ्या. मतदानानंतर ओरडून उपयोग नसतो.

अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात गेलात तर दहाव्या परिशिष्टाप्रमाणे (पक्षांतरबंदी) खासदारकी जाते. बाहेरून पाठिंबा देता येतो, प्रवेश करता येत नाही.

अर्ज भरताना नेमकं काय चुकतं?

अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, सुट्टीच्या दिवशी नाही. शेवटच्या दिवशी ट्रॅक्टरचा मोर्चा काढून शक्तिप्रदर्शन करायची हौस सगळ्यांनाच असते. पण निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात उमेदवारासह पाच जण आणि शंभर मीटरच्या आत तीन वाहनं, एवढीच परवानगी. गर्दीत अडकून तीन वाजले तर काही करता येत नाही. एक संच पहिल्या दोन दिवसांत गुपचूप भरून टाका आणि दुसरा वाजतगाजत भरा.

लागणाऱ्या गोष्टी: नमुना २अ (उमेदवारी अर्ज), नमुना २६ चं शपथपत्र, २५,००० रुपये डिपॉझिट (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००, जागा खुली असली तरी), पक्षाचे ए आणि बी फॉर्म (अधिकृत उमेदवारीचे) शेवटच्या दिवशी तीनच्या आत, आणि तुमचं नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल तर त्या यादीची प्रमाणित प्रत. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. अर्ज दिल्यावर उमेदवाराने शपथ घ्यायची असते आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच. अर्ज बिनचूक असूनही केवळ शपथ राहिली म्हणून बाद झालेले उमेदवार आहेत. अर्ज दिला की तिथेच शपथ घ्या आणि प्रमाणपत्र मागून घ्या.

शपथपत्रात शेती कशी दाखवायची?

इथे शेतकरी उमेदवार सर्वात जास्त अडखळतो, कारण त्याची मालमत्ता नीट एका नावावर नसते. रकान्यांत गाव, गट नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित की खरेदीची, खरेदीची तारीख आणि किंमत, विहीर-पाइपलाइन-शेड यांवर केलेला खर्च आणि आजची बाजारभावाने किंमत मागतात. तेही स्वतःचं, पत्नी किंवा पतीचं, एकत्र कुटुंबाचं आणि अवलंबून असलेल्यांचं, वेगवेगळं.

अर्जाच्या महिनाभर आधी सगळ्या गावांचे ताजे सातबारे आणि ८-अ (खातेउतारे) काढा. मग एकेक ओळ वाचा. भावांचा सामाईक सातबारा असेल तर एकूण क्षेत्र आणि त्यातला तुमचा हिस्सा, दोन्ही लिहा. वडील वारले आणि वारसनोंद रखडली असेल तरी तुमचा हिस्सा दाखवा. 'इतर हक्क' मध्ये सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसत असेल तर तो कर्जाच्या रकान्यात आलाच पाहिजे. कर्ज फिटलं पण बोजा उतरवला नसेल तर बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला घेऊन फेरफार करून घ्या.

हमखास विसरली जाणारी यादी अशी: साखर कारखान्याचे आणि दूध संघाचे शेअर्स, कारखान्याने ऊसबिलातून कापलेल्या ठेवी, पतसंस्थेतली पावती, पत्नीच्या माहेरकडून आलेली जमीन, फायनान्सवरचा ट्रॅक्टर, जामीन राहिलेलं कर्ज, शेतीपंपाची थकबाकी. यातलं एखादं राहिलं की विरोधी उमेदवाराचा वकील तेच शोधून काढतो. खोटी माहिती दिली किंवा दडवली तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, आणि निवडणूक याचिकेची डोक्यावरची टांगती तलवार वेगळी.

एकही रकाना कोरा सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर कोरा रकाना हे अर्ज फेटाळण्याचं कारण होऊ शकतं. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं अक्षरांत लिहा. आडवी रेघ मारू नका.

आंदोलनातल्या गुन्ह्यांमुळे उमेदवारी जाते का?

गुन्हा दाखल असल्याने जात नाही. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर जाते, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं जाते. २०१३ पासून अपील केलं म्हणून आपोआप संरक्षण मिळत नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती मिळवावी लागते. रास्ता रोको आणि जमावबंदीच्या कलमांत सहसा एवढी शिक्षा होत नाही. पण सरकारी नोकराला कामात अडथळा, मालमत्तेची नासधूस, जाळपोळ ही कलमं लागली असतील तर ती केस हलक्यात घेऊ नका, प्रत्येक तारखेला हजर राहा.

अडचण अशी की संघटनेच्या नेत्याला आपल्यावर कुठे-कुठे गुन्हे आहेत हेच पूर्ण माहीत नसतं. पाच तालुक्यांत आंदोलनं झालेली, 'इतर दोनशे' मध्ये कुठेतरी नाव. जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून यादी मागा आणि तो अर्ज जपून ठेवा. प्रलंबित गुन्हे शपथपत्रात लिहून शिवाय प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर जाहीर करावे लागतात. त्या जाहिरातींचा खर्चही तुमच्याच वहीत धरला जातो.

सरकार राजकीय आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय काढतं तेव्हा वेळ दवडू नका. आमदार-खासदार झाल्यावर उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो खटला मागे घेता येत नाही, असा ऑगस्ट २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे.

खर्चाची मर्यादा किती, आणि लोकवर्गणी घेता येते का?

महाराष्ट्रात लोकसभेला उमेदवारामागे ९५ लाख रुपये. दोन हजार मतदान केंद्रांनी भागा: केंद्रामागे ४,७५० रुपये. यात गाड्या, डिझेल, मंडप, पत्रकं, चहा-नाश्ता सगळं आलं.

लोकवर्गणी घेता येते. 'एक नोट, एक व्होट' म्हणत शेतकरी उमेदवारांनी ती घेतलेलीही आहे. नियम एवढाच की एका व्यक्तीकडून १०,००० रुपयांच्या वर रोख घ्यायची नाही, एका व्यक्तीला १०,००० च्या वर रोख द्यायची नाही, आणि जमलेली रक्कम निवडणूक खात्यात भरून मगच खर्च करायची. गावसभेत झोळी फिरली की रात्री तिथेच दोन साक्षीदारांसमोर मोजून गावाच्या नावाने पावती करा. दुसऱ्या दिवशी दहा झोळ्या एकत्र झाल्या की हिशोब कधीच जुळत नाही.

वहीचे तीन भाग असतात: रोजचा खर्च पांढऱ्या पानांवर, रोख गुलाबी, बँक पिवळ्या. प्रचारकाळात किमान तीनदा तपासणी होते. तिकडे निवडणूक यंत्रणाही तुमच्या सभांचं चित्रीकरण करून छायानोंदवही लिहीत असते. कार्यकर्त्याने फुकट दिलेला ट्रॅक्टर किंवा गावाने दिलेलं जेवण जिल्ह्याच्या दरपत्रकाने तुमच्या खात्यावर येऊ शकतं. "पैसे दिलेच नाहीत" हे उत्तर चालत नाही. आणखी एक खाचखळगा: स्टार प्रचारकांची यादी (मान्यताप्राप्त पक्षाला ४०, इतर नोंदणीकृत पक्षाला २०) अधिसूचनेनंतर सात दिवसांत द्यावी लागते. छोटे पक्ष ती द्यायला विसरतात आणि मग नेत्याच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या माथी बसतो.

निकालानंतर ३० दिवसांत हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या. हरलेल्यांनीही. न दिल्यास तीन वर्षं कोणतीच विधानसभा-लोकसभा लढवता येत नाही. पराभवानंतर वही बासनात गुंडाळून ठेवणारे इथे सापडतात.

डिपॉझिट कधी जप्त होतं?

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर. बारा लाख वैध मतं असतील तर दोन लाखांच्या वर हवीत.

निवडून आल्यावर लगेच काय करायचं?

आमदार असाल तर निकाल राजपत्रात आल्यापासून १४ दिवसांत आमदारकी सोडा. नाही सोडली तर खासदारकी रिकामी होते, आमदारकी नाही. शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्ता आणि देण्याची माहिती लोकसभा अध्यक्षांकडे द्यायची असते. नमुना २६ ची प्रत समोर ठेवूनच ती भरा, दोन्हींत तफावत नको.

आणि पीएम किसानमधून स्वतःहून बाहेर पडा. आजी-माजी खासदार, आमदार, मंत्री, जिल्हा परिषद अध्यक्ष या योजनेला पात्र नाहीत आणि अपात्रता पती-पत्नी व अज्ञान मुलं अशा कुटुंबाला लागते. पत्नीच्या नावावर हप्ता येत राहिला तर वसुलीची नोटीस येते आणि बातमीही होते.

शेती राज्याचा विषय आहे, मग खासदाराच्या हातात काय?

शेती, पाणी, जमीन, बाजार समित्या राज्याकडे, हे बरोबर. पण शेतमालाचा भाव पाडणारे किंवा चढवणारे निर्णय बहुतेक केंद्राचे: हमीभाव, आयात-निर्यात, साठामर्यादा, खतांचं अनुदान, पीकविम्याचे नियम. आणि यातले निम्मे कृषी मंत्रालयाचे नाहीतच. नवा खासदार सगळी पत्रं कृषिमंत्र्यांना लिहितो आणि महिनाभराने 'संबंधित मंत्रालयाकडे पाठवलं' असं उत्तर येतं. तोवर कांदा सडून जातो.

कांद्याची निर्यातबंदी आणि किमान निर्यातमूल्य वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने येतं. निर्यातशुल्क आणि खाद्यतेलाचं आयातशुल्क अर्थ मंत्रालयाकडून. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था राखीव साठ्यासाठी कांदा घेतात तो ग्राहक व्यवहार विभागासाठी. उसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आणि साखरेचा कोटा अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे. एफआरपीची शिफारस कृषिमूल्य आयोगाची असली तरी अंमल १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा: १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज. इथेनॉलची खरेदी तेल कंपन्यांची, म्हणजे पेट्रोलियम. कापूस खरेदी करणारं सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) वस्त्रोद्योग मंत्रालयाचं. युरिया आणि डीएपी रसायन व खते मंत्रालयाचं. सोयाबीन-तुरीची हमीभाव खरेदी आणि पीकविमा, हे मात्र कृषी मंत्रालयाचं. हा तक्ता कार्यालयातल्या भिंतीवर लावावा, एवढा तो रोज लागतो.

जिल्ह्यात खासदाराचं दुसरं हत्यार म्हणजे 'दिशा' समिती. केंद्राच्या योजनांचा दर तीन महिन्यांनी आढावा घेणाऱ्या या समितीचा अध्यक्ष खासदार असतो. पीकविमा कंपनीच्या प्रतिनिधीला तिथे बोलावून तालुकावार नाकारलेल्या पीकनुकसानीच्या पूर्वसूचना आणि त्यांची कारणं लेखी मागता येतात. मागणी मात्र बैठकीच्या आधी कार्यसूचीत घाला. ऐनवेळी विचारलं की 'माहिती घेऊन कळवतो' एवढंच पदरात पडतं.

संसदेत प्रश्न कसा लिहावा?

लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. किमान १५ दिवस आधी सूचना आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात. प्रश्न चुकीच्या मंत्रालयाला टाकला तर त्याची बदली होते आणि तुमचा वार निघून जातो.

"कांदा उत्पादकांवर अन्याय होत आहे, सरकार काय करणार आहे?" असा प्रश्न लिहिला तर उत्तरात योजनांची यादी येते. तोच असा विचारा: गेल्या तीन वर्षांत राखीव साठ्यासाठी महाराष्ट्रातून वर्षनिहाय किती टन कांदा घेतला, सरासरी दर काय दिला, त्यातला शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून किती, साठवणुकीत किती खराब झाला, पैसे द्यायला सरासरी किती दिवस लागले. आता उत्तर आकड्यांतच द्यावं लागतं. तो कागद पुढे न्यायालयातही चालतो. तारांकितचा हट्ट धरू नका: तो सोडतीत वर यावा लागतो आणि तासाभरात सगळे प्रश्न पुकारलेच जातील असं नाही. आकडे मिळवायला अतारांकित बरा.

'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. डायरीत तारीख लिहा आणि आश्वासन समितीकडे पाठपुरावा करा. हे काम फार थोडे खासदार करतात.

खासगी विधेयकाचा उपयोग होतो का?

खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं. कायदा होण्यासाठी त्याचा उपयोग जवळजवळ नाही. आजवर १४ खासगी विधेयकं मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. शुक्रवारचे अडीच तास असतात, महिनाभर आधी सूचना लागते. पण मागणीला कलमांचं रूप देण्यासाठी विधेयक फार उपयोगी पडतं. २०१८ मध्ये देशभरातल्या शेतकरी संघटनांनी मिळून केलेले हमीभावाचा हक्क आणि कर्जमुक्ती यांचे मसुदे राजू शेट्टींनी लोकसभेत मांडले. नुसती घोषणा आणि कलमवार मसुदा यांत वाटाघाटीच्या टेबलावर मोठा फरक पडतो.

सभागृहात विषय मांडायला आणखी दोन वाटा आहेत: शून्य प्रहर (प्रश्नोत्तराच्या तासानंतरचा वेळ; त्याच दिवशी सकाळी दहाच्या आत सूचना) आणि लोकसभेचा नियम ३७७. शून्य प्रहरात मंत्र्याने उत्तर देणं बंधनकारक नाही. ३७७ ला लेखी उत्तर येतं. गारपीट झाली की शून्य प्रहर, जुना प्रकल्प रखडला की ३७७.

खरं काम कृषीविषयक स्थायी समितीत होतं. ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि दहा राज्यसभेचे. तिथे कॅमेरे नसतात, सचिव समोर बसतात आणि मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांवर (वर्षाच्या खर्चावर) ओळीओळीने विचारता येतं. पक्षाकडे हीच समिती मागा.

मराठीत बोललं तर चालतं का?

चालतं. दुभाषी व्यवस्था आहे. आधी सूचना द्या आणि लिखित टिपण दुभाषांना द्या. गुंठा, फड, पट्टी, वांधा, उचल असे शब्द भाषांतरात हरवतात, तिथे एका वाक्यात अर्थ सांगून पुढे जा.

पाच कोटींच्या निधीतून विहीर किंवा शेततळं देता येतं का?

एका शेतकऱ्याला नाही. खासदार निधी वर्षाला पाच कोटींचा, पण तो सार्वजनिक आणि टिकाऊ कामांसाठी. खासदार शिफारस करतो, मंजुरी आणि पैसा जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात. १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्तीत जायला हवा. शिफारशी फेटाळल्या जातात त्या बहुतेक जागेमुळे: सभामंडप किंवा शेड खासगी गटात दाखवलं जातं. शिफारसपत्रासोबतच जागेचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडा.

पगार किती, आणि घरची शेती कोण बघणार?

१ एप्रिल २०२३ पासूनच्या दराने महिना १,२४,००० रुपये वेतन, आणि अधिवेशनात हजेरीपटावर सही केलेल्या दिवसाला २,५०० रुपये भत्ता. मतदारसंघ आणि कार्यालय भत्ते वेगळे. वेतनावर कर लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्तच राहतं, पण कराचा दर ठरवताना ते एकत्र धरलं जातं. म्हणून बाजार समितीच्या पट्ट्या आणि ऊसबिलं जपून ठेवा. शेतीचं उत्पन्न फुगवून दाखवलं की पुरावा मागितला जातो.

अधिवेशनांचं वेळापत्रक आणि शेतीचं वेळापत्रक नेमकं एकमेकांवर येतं. पावसाळी अधिवेशन जुलै-ऑगस्टला, खुरपणी-फवारणीच्या ऐन दिवसांत. हिवाळी अधिवेशन ऊसतोडीच्या हंगामात. अर्थसंकल्पी अधिवेशनाचा दुसरा टप्पा गहू-हरभऱ्याच्या आणि उन्हाळ कांद्याच्या काढणीत. घरात भाऊ, मुलगा किंवा पत्नी शेती बघणारी नसेल तर वाट्याने द्यावी लागते. तोंडी देऊ नका; ११ महिन्यांचा साधा लेखी करार करा.

पराभव झाला तर?

सरकारी घर महिनाभरात सोडायचं. माजी खासदाराला महिना ३१,००० रुपये निवृत्तिवेतन, पाच वर्षांवरच्या प्रत्येक वर्षाला २,५०० जास्त. पीएम किसान मात्र कायमचं गेलं.

राजू शेट्टी २०१९ ला हरले, २०२४ ला तिसऱ्या क्रमांकावर गेले. पण एफआरपी दोन तुकड्यांत द्यायला परवानगी देणारा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला तो त्यांच्याच याचिकेवर. अशा याचिकेला लागणारे कागद म्हणजे संसदेतली लेखी उत्तरं, स्थायी समितीचे अहवाल, साखर आयुक्तांचे थकबाकीचे तक्ते. दिल्लीचं कार्यालय रिकामं करताना हे गठ्ठे वर्षवार बांधून गावी आणा.